चतुर्दशीला लागलेले कार्ड

पोथी उघडली तेव्हा तिची वीट झाली होती.

काही वर्षांपूर्वीच्या वादळात श्रीवर्धनातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच दिवशी आमच्या देवळाची कौले उडाली आणि उत्सवाच्या पद्धतीची हस्तलिखित पोथी पेटीतल्या पेटीत भिजली. आम्ही ती सावलीत वाळवली, नव्या रेशमी वस्त्रात बांधली आणि नमस्कार करून परत ठेवली. पाने सुटी करून पाहिली नाहीत. तशी निकड वाटली नाही, कारण तिच्यातला बाहेरचा पाठ मला मुखोद्गत होता आणि आतला पाठ माझ्या गुरुबंधूला.

बाहेरचा आणि आतला म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. मार्गशीर्षातल्या उत्सवाच्या दिवशी एकाने सभामंडपात बसून मोठ्याने पाठ म्हणायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने गाभाऱ्यात, अर्ध्या लोटलेल्या दारामागे, उपांशु म्हणायचा. उपांशु म्हणजे ओठ हलतात, पण शेजारी बसलेल्यालाही ध्वनी ऐकू जात नाही. गुरुजींनी आम्हा दोघांना मुंज झाल्यावर लगेच वाटून दिले होते. माझा आवाज मोठा म्हणून मी बाहेर. त्याच्यापाशी धीर होता म्हणून तो आत. पन्नासाहून अधिक वर्षे आम्ही एकमेकांपासून दहा हातांवर बसून एकच कर्म केले आणि त्याचे एक अक्षर माझ्या कानावर पडले नाही.

यंदाच्या ज्येष्ठात तो न्हाणीघरात पडला आणि त्याची मुलगी त्याला नागपूरला घेऊन गेली. आषाढात मी शेवाळलेल्या पायरीवर घसरलो आणि कमरेत सळई बसली. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. भाद्रपदात, उत्सव आता मला एकट्यालाच करायचा आहे हे ध्यानात आल्यावर, पेटी उघडली. पाने सोडवू लागलो तर एकाची शाई दुसऱ्यावर उमटलेली, आणि पुढे नुसता भुगा. बाहेरच्या पाठाचे मला दुःख नव्हते. आतला पाठ आता पृथ्वीवर एकाच माणसाच्या मुखात उरला होता, तो माणूस आठशे किलोमीटरांवर होता आणि त्याला ऐकू कमी येत होते.

शिष्य कोणी नव्हता. याचा दोष काळाला देण्याची पद्धत आहे; मी देणार नाही. जे थोडे आले त्यांना आम्ही इतके दिवस पडवीत बसवून ठेवले की ते उठून गेले.

शेजाऱ्यांच्या मोबाइलवर एकदा प्रयत्न केला. तळहाताएवढ्या पडद्यावर माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्याची मान दिसेना, आणि आमच्याकडे स्वर मानेने दाखवतात. अनुदात्ताला मान खाली, स्वरिताला वर. मान दिसली नाही तर अर्धा पाठ गेलाच. त्याची मुलगी म्हणाली, बाबांनी एकदा म्हणावे, मी ध्वनिमुद्रण करून पाठवते. त्यावर मागून त्याचा आवाज आला, "पाठ डबीत भरत नाहीत, टपालानेही धाडत नाहीत. तो समोर बसेल, मी सांगेन, तो म्हणेल, मी चूक काढीन." मला ते त्या क्षणी योग्यच वाटले. मीही हेच म्हणालो असतो.

तेव्हा मुंबईच्या पुतण्याने आपला जुना लॅपटॉप एसटीच्या पार्सलने पाठवला. पडदा मोठा होता, म्हणून मला आनंद झाला. यंत्र सुरू होई, पण कशाशीच जोडले जाईना.

आमच्या बंदरावर एक बाई बोटींचे वायरलेस संच आणि मासळी दाखवणारी यंत्रे दुरुस्त करते. कोळ्यांच्या घरातली; नववी-दहावीत शाळेत माझ्याकडे संस्कृतला होती. ती स्कूटरवरून आली, लॅपटॉप उलटा करून पाहिला आणि म्हणाली,

"गुरुजी, ही मशीन तुमच्याहून म्हातारी हाय."

"चालेल का?"

"चालंल. पन ही इकतची सिस्टीम काढावी लागंल, तिचं वजन न्हाय पेलत हिला. मी फुकटवाली टाकते. जगातल्या मान्सांनी मिळून लिवलीय. कोन दाम न्हाय मागत, आत काय लिवलंय ते पन उघडं हाय."

विद्या विकू नये, असे आम्हाला शिकवले होते. मी मात्र शाळेत पगार घेऊनच शिकवली. कुठल्या कुठल्या देशातली माणसे एकमेकांचे तोंड न पाहता ग्रंथ लिहितात आणि कोणालाही देऊन टाकतात, हे ऐकून मी हात जोडले. ती हसली. "हात काय जोडता? अजून चालू कुठं झालीय?"

नव्या सिस्टीमने यंत्र हलके झाले, पण आतले वायफायचे कार्ड मुके राहिले. तिने काळ्या पडद्यावर चार आज्ञा लिहिल्या, उत्तरे वाचली आणि कपाळाला हात लावला.

"कार्ड हाय, पन त्याला उठवायची फाईल सिस्टीमीत न्हाय. ती फाईल नेटवर हाय. आनि नेटवर जायला हेच कार्ड लागतं."

कंबर मोडल्यापासून मी प्रथमच मोठ्याने हसलो. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात, असे तिला सांगितले. अ सिद्ध व्हायला ब हवा आणि ब सिद्ध व्हायला अ.

"तुमच्याकडं परतेक भानगडीला नाव हाय, गुरुजी. इलाज हाय का?"

इलाज तिच्याकडे होता. दुकानातून पेनड्राइव्हवर ती फाईल आणली आणि कार्डाचा दिवा लागला. पण आमच्या आळीतली इंटरनेटची तार वादळात तुटली ती पुन्हा कोणी जोडली नव्हती. वायफाय जागे झाले आणि हवेत त्याला काहीच सापडले नाही. मोबाइलवरून नेट देता आले असते, पण माझ्यापाशी मोबाइल नव्हता आणि रोज शेजाऱ्यांचा मागणे मला पटेना. मग तिने लॅपटॉपच्या पोटाचे झाकण उघडून मला एक रिकामी खाच दाखवली. तिच्या शेजारी दोन बारीक तारा टोकाला टोपणे घालून दुमडून ठेवल्या होत्या. इथे मोडेमचे कार्ड बसते, त्यात मोबाइलसारखे सिम जाते, आणि पडद्याच्या कडेतून वर गेलेल्या या तारा हवेतले घेतात. इतकी वर्षे त्या तारा कोणाची वाट पाहत होत्या, असे मनात आले.

जुने कार्ड मुंबईहून यायला आठवडा लागला. तिने ते बसवले, तारा टाचल्या, यंत्र सुरू केले. सिस्टीम येण्याआधीच काळ्या पडद्यावर एक ओळ उमटून सगळे थांबले.

"काय म्हणते?"

"म्हन्ते, हे कार्ड अधिकृत न्हाय. काढा."

"बिघडलेले आहे?"

"न्हाय, कार्ड चांगलं हाय. खाच पन तीच. पन बनवनाऱ्यानं मशीनीच्या आत यादी लिवून ठेवलीय. यादीतलं असंल तर आत, न्हायतर दारातच उभं." तिने स्क्रू एकेक करून बशीत टाकले आणि वर न पाहता म्हणाली, "मशीनीला पन शिवाशिव कळते, गुरुजी."

ती नववीत असताना एका सकाळी आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली होती. शाळेत मी एक स्तोत्र म्हणून दाखवले होते, ते तिला पूर्ण शिकायचे होते. मी म्हणालो होतो, "शाळेत शिकवतो तेवढे तुला पुरे आहे." रागाने नव्हे, अगदी शांतपणे, आणि आपण सौम्यपणे बोललो याचे समाधान मानून. तिने त्या दिवसाचा उल्लेख कधी केला नाही. परीक्षेत मी तिला पस्तीस गुण दिले होते, त्यावरून मात्र ती अजून मला टोमणे मारते.

दुसरे कार्ड, यादीतले, शोधून मागवायला आणखी महिना गेला. मधे दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तके आणि हत्यारे मांडून सरस्वतीची पूजा होते. माझ्या पाठाचे साधन आता तो लॅपटॉप होता, म्हणून मी तो पाटावर पुस्तकांशेजारी ठेवला, गंधफूल वाहिले, अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला.

नवे कार्ड आले, यंत्राने ते मुकाट्याने स्वीकारले, सिस्टीमने त्याचे नावही दाखवले. तरी ते जोडले जाईना. दोन दुपारी ती माझ्या पडवीत बसून आज्ञा लिहीत होती आणि मी प्रत्येक आज्ञा वहीत क्रमाने उतरवून घेत होतो. ती गेल्यावर मी त्याच क्रमाने पुन्हा लिहून पाही. चुकले तर आरंभापासून. दिवस पुढे जात होते. उत्सवाला महिना उरला होता. नागपूरहून मुलीचा निरोप येई, बाबा विचारतात, लागले का?

तिसऱ्या दुपारी ती उत्तरातल्या एका ओळीवर थांबली. "सॉफ्ट न्हाय, हार्ड ब्लॉक," ती स्वतःशीच म्हणाली. मग लॅपटॉप उचलून डोळ्यांशी धरला आणि कडेवर नख फिरवले. तिथे मुगाएवढे एक सरकते बटण होते, वायफाय-मोडेम चालू-बंद करणारे. ते बंद बाजूला सरकलेले, आणि त्याच्या फटीत वाळलेले चंदन आणि एक अक्षत.

"गुरुजी, ह्याला तुम्ही गंध लावलंत?"

"दसऱ्याला."

"देवीला पुजलंत आनि पुसता पुसता निजवलंत!" ती इतकी हसली की आमच्या घरातली मंडळी बाहेर आली. सुईने चंदन काढून तिने बटण सरकवले. दिवा लागला. सिमच्या कंपनीचा पत्ता एका चौकटीत भरला आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन रेघा उभ्या राहिल्या. ती कार्तिक शुद्ध चतुर्दशीची दुपार होती.

तिने लगेच नागपूर लावून दिले. आणि तो दिसला. मोठा, पूर्ण, मान आणि खांद्यांसह. मागे भिंतीवरचे कॅलेंडरही दिसत होते. मुलगी त्याच्या बऱ्या कानाशी वाकून माझे बोलणे सांगत होती.

"अरे, म्हातारा झालास की!" तो म्हणाला.

"तू काय कुमार आहेस?"

"दात तरी आहेत माझे. ऊष्मे, श-ष-स, नीट निघतात. तुझे?"

"पुढचे दोन गेले."

"मग बाहेरच्या पाठात फुंकतोस की काय?" तो खदखदून हसला. मग एकदम सावरून बसला, मांडी घातली, उपरणे नीट केले. "आचमन कर. पहिले वाक्य घेऊ."

माझ्या तोंडून निघाले, "आज चतुर्दशी."

तो थांबला. मुलीने कानात सांगितले. तो म्हणाला, "मग?"

"अनध्याय आहे."

अनध्यायाच्या तिथींना नवा पाठ द्यायचा-घ्यायचा नाही, हा आमच्या गुरुकुलाचा नियम. चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा हे लागोपाठ तीन दिवस त्यात येतात. नित्यकर्म चालते, उत्सव चालतो, पाठ नाही.

"अरे, आपण आता गुरुकुलात आहोत का?" तो म्हणाला. "वीसच वाक्ये आहेत. रविवारपर्यंत होतील."

"नियम आपणच मोडायचा, तर पोथी गेल्याचे दुःख कशाला करायचे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. पडद्यावर डोळ्यात डोळा मिळत नाही. तो माझ्या छातीकडे पाहतो आहे असे वाटत होते. मग हसून म्हणाला, "तू बाहेर बसणारा. तुझा आवाज नेहमीच मोठा. बरे, द्वितीयेला. सूर्योदयानंतर."

त्याने हात जोडले, मी जोडले, आणि पडदा काळा झाला. ती बाई आपली हत्यारे पिशवीत भरत होती.

"एवढं लावून दिलं आनि बोलनं न्हाय?"

"तीन दिवसांनी."

"आमी पन नारळीपुनवेआधी होडी न्हाय सोडत, गुरुजी. नेम आमाला बी हायेत. पन दर्यातून मान्साला आनायला जायचं असंल तर कोन पुनव बघत न्हाय." ती स्कूटर सुरू करून निघून गेली.

ते तीन दिवस मी फार समाधानात घालवले, हे लिहायला लाज वाटते. पडवीत लॅपटॉप झाकून ठेवला होता. मला वाटत होते, मी मोह जिंकला.

द्वितीयेला स्नानसंध्या उरकून बसलो. पडदा उजळला. तो आधीच आसनावर बसला होता. मुलगी म्हणाली, "बाबा पहाटेपासून मौनात आहेत. पाठासाठी धरले असेल. मी आत आहे, काका, लागले तर हाक मारा." ती उठून गेली. मी नमस्कार केला, आचमन केले, तोंडातल्या तोंडात गुरुस्मरण म्हटले. त्याचे ओठ हलू लागले.

ध्वनी येईना.

मी आवाजाची पट्टी वर सरकवली. यंत्र बंद करून पुन्हा लावले. वही काढून पहिल्या आज्ञेपासून सगळ्या आज्ञा क्रमाने लिहिल्या. त्याला हाताने खूण केली, थांब, कार्डात काहीतरी दोष आहे. तो थांबला नाही. ओठ हलत होते आणि मान हलत होती. खाली, खाली, वर. समेवर स्थिर. पुन्हा खाली. मी बंदरावर निरोप पाठवला आणि पुन्हा आज्ञा लिहू लागलो. ती येईपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. तेवढ्या वेळात त्याने सगळा पाठ दोनदा पूर्ण केला असावा. मी त्या वेळी कार्डाकडे पाहत होतो.

ती आली, ऐकू लागली. "गुरुजी, कुकरची शिट्टी ऐकू येतेय. पंखा ऐकू येतोय. कार्ड चांगलं हाय. फक्त त्यांचाच आवाज न्हाय." मग ती पडद्याजवळ वाकली. "तोंड बघा त्यांचं. एका अंगाला गेलंय." आणि तिने इतक्या मोठ्याने त्या मुलीला हाक मारली की आमच्या कौलांवरचे कावळे उडाले.

प्रतिपदेच्या रात्रीच केव्हातरी झटका आला होता. दवाखान्यात सांगितले की आधी आणले असते तर काही करता आले असते. मुलीने मौन समजून चार तास घालवले. मी दोष कार्डावर ठेवून एक तास घालवला. आमच्या घराण्यांखेरीज दुसऱ्या कोणत्या घरात, बोलता न येणारा माणूस पाहून कोणाला आदर वाटला असता?

तो वाचला. वाणी परतली नाही, उजवा हातही नाही; डाव्या हाताने पाटीवर अक्षर उमटेना. पंधरा दिवसांनी घरी आल्यावर तो रोज सकाळी पडद्यासमोर बसू लागला आणि मी इकडे. ओठांवरून वाचण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तोंड वाकडे झाल्याने ओष्ठ्य आणि दंत्य एकसारखे दिसत. मान मात्र त्याची अजून निर्दोष आहे. वीसही वाक्यांचे स्वर मी वहीत उतरवून घेतले आहेत: खाली, वर, सम, खाली. सगळे स्वर मिळाले. अक्षर एकही नाही.

उत्सवाच्या दिवशी बाहेरच्या पाठाला माणगावहून पुरोहित आणले. त्यांना आमचा पाठ येत नव्हता. त्यांनी छापील पुस्तकातले म्हटले आणि ते लोकांना आवडले. मी काठी टेकत गाभाऱ्यात गेलो, अर्धे दार लोटून त्याच्या जागी बसलो, आणि ओठ हलवले. मान खाली घातली, वर केली, समेवर स्थिर केली, पुन्हा खाली. वीस वाक्यांएवढा वेळ. ओठांत काहीही नव्हते. फटीतून लोकांना म्हातारा गुरुजी उपांशु म्हणताना दिसत होता. मी बाहेर आल्यावर विश्वस्तांनी नमस्कार करून म्हटले, परंपरा राखलीत.

दुपारी नागपूर लावले. चित्र स्वच्छ होते, एकदाही अडकले नाही. ते कार्ड अजून उत्तम चालते. त्याने भुवया उंचावून विचारले. झाले?

मी मान हलवली. झाले.

त्याने डावा हात एकटाच उचलून कपाळाला लावला आणि डोळे मिटले.